धुरपाचा एक डोळा

तळ्यांना नावं पडली नव्हती तेव्हाची गोष्ट. बदकं रांगेत झोपायची आणि टोकाची बदकीण कोल्ह्यासाठी एक डोळा उघडा ठेवायची. धुरपाचं अर्धं आयुष्य टोकाला गेलं. आता ती आम्हा चाळिशीतल्या बायकांसारखी भरदिवसा पेंगायची, पोहताना दगडाला धडकायची. म्हणून लेकीने टोकाची जागा घेतली आणि तिला मधे झोपवलं. पण तो डोळा मिटेचना.

"इथे कोल्हा नाही, मग मी बघतेय तरी काय?" धुरपा गोंधळली.

"आई, झोपलीस का?" लेकीने विचारलं.

"माझ्याकडे काय बघतेस? कोल्हा तिकडून येतो!"

"तू झोपलीस की बघते तिकडे."

आली का पंचाईत! धुरपाने घाईघाईने दोन्ही डोळे मिटून झोपेचं सोंग घेतलं.

उन्हं अंगावर आली तेव्हा लेकीने तिला हलवलं. "छान झोपलीस गं!"

"छे! सोंग होतं ते," धुरपा म्हणाली. "मला मेलीला कुठली झोप!"