पास्कीनची उघडी बरणी

आमच्या चर्चला अजून घंटाही नव्हती, तेव्हाची ही गोष्ट. फार वर्षं झाली. गावात एक इटालियन पाद्री आला होता. त्याच्या घरी पिढ्यान्‌पिढ्या चेरीची दारू करत. इथल्या खाऱ्या वाऱ्यात चेरीचं झाड जगेना, म्हणून त्याने ती रीत एका घराला जांभळावर शिकवली. फळं बियांसकट ठेचायची, बरणीत भरायची, आणि घरातल्या प्रत्येकाने घोटभर चाखल्याशिवाय बरणीचं तोंड बांधायचं नाही. त्या घरातली थोरली मुलगी पास्कीन. तिच्या हातच्या दारूसाठी लांबून होड्या येत, असं म्हणतात.

एका वर्षी सगळ्यांनी चाखलं, फक्त तिचा धाकटा भाऊ कायतान राहिला. तो मासेमारीला गेला होता. पास्कीन थांबली. आठ दिवस झाले, महिना झाला. कायतान आला नाही.

शेजारची आंजेलबाय म्हणाली, "अगो, बांध ते तोंड. दारू करतेस का लोणच्याचा सिरका?"

"कायतान आला, चाखलं त्याने, की बांधीन," पास्कीन म्हणाली. "तुला घाई असली तर ताडी पी."

तोंड उघडं राहिल्याने दारूचा सिरका व्हायला हवा होता. झाला नाही. सात वर्षं गेली. वास मात्र वाढत गेला. थंडीत समुद्रावर धुकं दाटलं की वाट चुकलेल्या होड्या त्या वासाच्या मागे मागे किनाऱ्याला लागायच्या, असं म्हणतात. होडी लागली की पास्कीन धावायची आणि उतरणाऱ्यांची तोंडं बघायची. सगळ्यांचे भाऊ घरी आले. तिचा आला नाही.

आठव्या वर्षी बस्त्याव नाखवा अंथरुणाला खिळला. त्याने पास्कीनला बोलावून घेतलं.

"बाय, कायतानची होडी पहिल्याच दिवशी बुडाली. मी पाहिलं."

"मग सांगितलं का नाहीस?"

"आधी धीर झाला नाही. मग धुकं पडलं. तू तोंड बांधलं असतंस, तर आम्ही कशाच्या वासावर घरी आलो असतो? सगळ्या गावाला ठाऊक होतं, बाय."

पास्कीन उठून घरी गेली. लोकांना वाटलं, आता ही बरणी फोडणार. तिने फोडली नाही, बांधलीही नाही. बरणीशेजारी बसून राहिली. त्या थंडीतही होड्या घरी आल्या. पुढे म्हातारी होऊन ती गेली, तेव्हा तिला पुरून लोक परत येईपर्यंत बरणीत सिरका झाला होता, असं म्हणतात.

तेव्हापासून आमच्या गावात कोणी समुद्रात बुडालं, तर होडी लागताच बाकीचे आधी त्याच्या घरी जातात. मासळी उतरवत नाहीत, ओले कपडे बदलत नाहीत. दारात उभं राहून म्हणतात, "पास्कीनच्या नावाने सांगतो." मग सांगतात.

माझा दादा ज्या होडीवर होता, तिच्यावरचे चौघे गेल्या महिन्यात आमच्या दारात उभे राहिले. माझ्या आवयने त्यांना ते नाव पुरं घेऊ दिलं नाही.