कावळ्याने गुडघा धरला

एका जंगलात एक कावळा राहत असे, आणि तो गातो, ही सगळ्या जंगलाची तक्रार असे. दरवर्षी तिथे तळ्याकाठी गाण्याची मैफल भरायची. तिची सगळी व्यवस्था साळिंदर मावशींकडे होती. त्यांच्याशी कुणी वाद घालत नसे. जवळ जाऊन तर मुळीच नाही. यंदा त्या कावळ्याला म्हणाल्या, "हे बघ, गेल्या वर्षी तू आलाप घेतलास आणि ससे उठून घरी गेले. ही शेवटची संधी. नाही जमलं, तर पुढच्या वर्षापासून तू दाराशी चपला सांभाळायच्या." जंगलात कुणीच चपला घालत नव्हतं, म्हणून कावळ्याला ते जास्तच लागलं.

तो तडक रातकिड्याकडे गेला. रातकिडा म्हणजे मैफलीतला सगळ्यात मोठा कलावंत. "बुवा, तुमच्या गाण्याचं रहस्य काय हो?" कावळ्याने विचारलं.

"रहस्य कसलं? पंखावर पंख घासतो. बाकी सगळी आमच्या आजोबांची कृपा. तेच माझे गुरू." एवढं बोलून रातकिड्याने पुढच्या पायाचा गुडघा हळूच धरला आणि क्षणभर स्वस्थ बसला. जितक्या वेळा आजोबांचा विषय निघाला, तितक्या वेळा त्याने गुडघा धरला. कावळा मनात म्हणाला, "सापडलं! पंख तर मलाही आहेत. कमी पडतोय तो गुडघा." घरी येऊन त्याने गाण्याचा रियाज बंद केला आणि गुडघ्याचा सुरू केला. जमिनीवर आडवं पडून त्याला तो फार सुरेख जमायचा.

मैफलीच्या दिवशी कावळा फांदीवर बसला. बरोबर खाली, मानाच्या जागी, साळिंदर मावशी बसल्या होत्या. कावळ्याला स्वतःचा गुरू नव्हता, म्हणून त्याने रातकिड्याच्याच आजोबांचं स्मरण केलं आणि डाव्या पायाने उजवा गुडघा धरला. कावळ्याला पाय दोनच असतात. तो सरळ मावशींवर पडला.

"काऽऽऽव!"

असा सूर त्या जंगलात आजवर कुणाचा लागला नव्हता. त्यात आर्तता होती, तळमळ होती आणि पाच-सहा काटेही होते. सशांच्या डोळ्यांत पाणी आलं. मागून माकडं ओरडली, "वन्स मोअर!" मावशीही गहिवरल्या. "चपला राहू देत," त्या म्हणाल्या. "आता दरवर्षी तूच गायचं. आणि असंच. मी इथेच बसेन."

कावळा काटे उपटत बसला असताना रातकिडा जवळ आला. "काय रे, मध्येच गुडघा कशाला धरलास?"

"तुम्ही धरता म्हणून."

"अरे, गुरूचं नाव घेताना गवई कानाला हात लावतात की नाही? आम्हा रातकिड्यांचे कान पुढच्या गुडघ्यांपाशीच असतात. तुझं काय असतं रे गुडघ्यात?"

कावळा विचारात पडला. बाकी सगळ्या जंगलाला उत्तर माहीत होतं. पण तो आता कलावंत झालेला असल्यामुळे कुणी बोललं नाही.

तात्पर्य : थोरांची लकब उचलण्याआधी त्यांचे कान कुठे आहेत ते विचारून घ्यावे; आणि तेही जमले नाही, तर निदान खाली कोण बसले आहे ते पाहावे.