एस्टोनियाचं कव्हर

"आहे का बे हिंमत?" प्रज्योतनं विचारलं, आणि मित्रा म्हणाली, "काहून नाही?"

तिथंच ती फसली.

हो म्हणायच्या आधी माणसानं जरा विचार करावा, हे खरं. पण विचार करून हो म्हणणारी असती, तर ती मित्रा कसली? शाळेत ती वर्गात कमी आणि वर्गाबाहेर जास्त उभी असायची. संघमित्रा हे तिचं पूर्ण नाव फक्त हजेरीला आणि शिव्या द्यायलाच वापरलं जायचं.

तर भानगड अशी होती.

टेकडीवरच्या विहारात भन्तेजी राहायचे. त्यांच्याकडं एकच पुस्तक होतं, पण देशोदेशीचं. आतली गोष्ट तीच, भाषा वेगळी आणि वरचं चित्र वेगळं. कुणी परदेशी पाहुणा विहार बघायला येतो म्हणाला, की भन्तेजी त्याला कळवायचे, फळं नको, मेणबत्त्या नको, तुमच्याकडं हे पुस्तक मिळतं, तेवढं आणा.

गोष्ट मोठ्या होत चाललेल्या पोरापोरींसाठीची, जादूची. डोंगरातली एक राणी गावातले सगळे आवाज चोरून नेते. कोंबड्याचा, भांड्यांचा, आईच्या हाकेचा... सगळे. मग इल्वा नावाची मुलगी डोंगरात जाते आणि ते आवाज मडक्यात भरून परत आणते.

दर रविवारी पोरांना वाचून दाखवत दाखवत भन्तेजींनी ती अख्खी मराठीत केली. लेखिकेनं परवानगीही दिली. आता छापायचं होतं. कव्हर तेवढं बाकी होतं.

आणि ते कव्हर मित्राला पाहिजे होतं. खूपच पाहिजे होतं. तिचं नाव आजवर कशावर छापून आलं नव्हतं. आलं असतं तर घरचे, शाळेचे, सगळेच गप्प झाले असते.

आठवडाभर घासून तिनं एक चित्र काढलंही होतं. खाली कोपऱ्यात स्वतःचं नाव टाकलं होतं, चांगलं ठसठशीत. भन्तेजींकडं देऊन झालं होतं.

"ते तर निवडतीनच," प्रज्योत म्हणाला. "पण दम असन तर अजून एक काढ. परदेशी म्हणून त्यांच्या पुस्तकांत घुसव. भन्तेजींनी ओळखलं नाही, तर मी रविवारी सगळ्यांसमोर कोंबडा बनतो."

"आणि ओळखलं तर?"

"तर तू मेली."

मित्रानं त्याच संध्याकाळी जुन्या कॅलेंडरचं पान उलटं केलं आणि पोस्टर कलरनं चित्र ठोकलं. फुटाणे खात, हसत हसत. वर नावासाठी नवीच अक्षरं तयार केली, प्रत्येकाच्या डोक्यावर दोन दोन टिंबं. झेरॉक्सच्या दुकानातून लॅमिनेशन करून आणलं आणि दहावीच्या एका जुन्या गाईडवर चढवलं.

देश कोणता? नकाशात बोट ठेवलं, ते एस्टोनियावर पडलं. तिथून कोण येतंय विचारायला!

दुसऱ्या दिवशी दुपारी, भन्तेजींचं जेवण झाल्यावर, ती सगळी पुस्तकं घेऊन त्यांच्यासमोर बसली. एस्टोनिया सगळ्यात खाली. प्रज्योत खांबाआड.

"वंदामि भन्तेजी."

"ये. आज कव्हर ठरवू. तू चित्रं काढतेस, तुझी नजर मला पाहिजे."

मित्रा फुगली. फुगणारच.

भन्तेजींनी पहिलं पुस्तक चटईवर ठेवलं. पानभर मुलीचा चेहरा. हातात तलवार, डोळ्यांत आग, केस वाऱ्यावर. नावाची अक्षरं वर उठलेली, बोटाला लागणारी.

"अमेरिका," मित्रा म्हणाली. "हेच भारी. बाकीच्यांनी शिकावं ह्याच्याकडून."

"का?"

"हिरोईन दिसते ना! दुकानात कितीही पुस्तकं ठेवा, नजर हिच्यावरच जाते."

"खरंय. ही रस्त्यापलीकडून हाक मारते." भन्तेजी वाकले. "आणि हे पातं बघ... त्यावर तिच्या गालाचा रंग पडलाय. किती वेळ बघत बसला असेल हा माणूस."

मित्राही वाकली. हीच तलवार बघून बघून तिनं आपल्या चित्रात उतरवली होती. हाच चेहरा, हेच केस. गालाचा रंग मात्र तिला दिसलाच नव्हता.

दुसरं पुस्तक. कागद कापून एकावर एक चिकटवल्यासारखा डोंगर. सोनेरी रेघा. मुलगी नाहीच.

"इंग्लंड. हे तर लग्नाची पत्रिका वाटते."

"कडेकडेनं बघ."

तिनं बघितलं. सोनेरी रेघांत एक कोंबडा होता. मग एक घंटा सापडली. मग पाळणा. मग किटली. सगळं नखाएवढं, डोंगराच्या भेगांत दडवलेलं.

"अय्यो! हे तर चोरलेले आवाज!"

"मला अजून नवीन काही तरी सापडतं. काल एक शिंकणारा म्हातारा सापडला."

"कुठं?"

"शोध."

तिला सापडेना. भन्तेजींनीही सांगितलं नाही.

तिसरं. खालून पांढरं, वरून पांढरं. मधोमध पाठमोरी मुलगी, मुंगीपेक्षा थोडी मोठी. खाली कागदाचा एक पट्टा गुंडाळलेला, कमरेला पदर खोचावा तसा.

"जपान. रंग संपला होता वाटते त्याचा."

भन्तेजी हसले. अंग हलवून हसले.

"गावात आवाज उरला नाही. ते तू कसं काढशील?"

मित्रानं डोकं खाजवलं. पांढऱ्याकडं बघितलं...

"असंच," ती म्हणाली. म्हणायचं नव्हतं तिला, पण निघून गेलं तोंडातून.

चौथं. काळंकुट्ट. मधे पिवळा एक ठिपका.

"जर्मनी. भुताचं पुस्तक!"

"हात लाव."

काळं खरखरीत होतं, पाटीसारखं. आणि ठिपका ठिपका नव्हताच. कव्हरला भोक होतं. आतलं पान पिवळं होतं, तेच भोकातून दिसत होतं. मित्रानं कव्हर उघडलं, मिटलं, परत उघडलं. उजेड गेला, आला.

"काय डोकं आहे बे!" ती ओरडली आणि मग जीभ चावली. "सॉरी, भन्तेजी."

"असू दे. मीही हेच म्हणालो होतो... मनात."

एकच गोष्ट, आणि चार चित्रकारांनी बघणाऱ्याला चार दारांतून आत नेलं होतं. मित्राला क्षणभर पैजच आठवेना. हे सगळे भेटले असते तर तिनं त्यांच्या ब्रशला हात लावून बघितला असता.

तेवढ्यात भन्तेजींनी पाचवं उचललं.

खांबामागं प्रज्योतनं शर्टाची कॉलर तोंडात कोंबली.

"हे कुठलं?"

"एस्टोनिया, भन्तेजी."

"एस्टोनिया..."

"हो. तिकडं आहे. बर्फाच्या बाजूला. परवा एक पाहुणे आले होते, तुम्ही आराम करत होते, तर माझ्याकडं देऊन गेले."

"कसे होते दिसायला?"

"गोरे," मित्रा म्हणाली. "आणि घाईत होते."

भन्तेजींनी मान डोलवली. पुस्तक मांडीवर घेतलं. अंगठा पानांच्या कडेवर ठेवला. मित्रा पुढं सरकली, कारण उघडलं असतं तर आत प्रकाशाचं परावर्तन होतं, आकृतीसकट.

भन्तेजींनी उघडलं नाही. नुसते बघत राहिले...

चित्रात हापशी होती. हापशीखाली गुंड, पाणी भरायचा पितळी. आणि इल्वा उकिडवी बसून, डोळे मिटून, गुंडाच्या तोंडाला कान लावून होती. बस, एवढंच.

बाहेर कुणीतरी हापशी मारत होतं, त्याचा खटाक खटाक आवाज येत होता.

"मित्रा..."

"जी?"

"आपल्याकडं बायका गुंड भरताना असाच कान लावतात. पाण्याचा आवाज बारीक झाला, की भरत आलं समजतात."

"हो... म्हणजे, तिकडंही लावत असतीन. पाणी तर सगळीकडं भरावं लागते."

"लागतं खरं." भन्तेजींनी पुस्तक लांब धरलं, जवळ आणलं. "आवाजाच्या गोष्टीचं चित्र, आणि हिनं डोळे मिटलेत. ही ऐकते आहे. मी ही गोष्ट इतके दिवस वाचतोय, मला कुणी ऐकताना दिसलंच नव्हतं."

मित्रा परत फुगली. मग लगेच हवा गेली. कारण भन्तेजी पुढं म्हणाले,

"हेच. मराठी पुस्तकाला हेच लावायचं."

"पण..."

"त्या चित्रकाराची परवानगी घेऊ. तुला मोबाईलमधलं कळतं. एस्टोनियात शोध त्याला."

खांबामागून कुईं असा आवाज आला. प्रज्योत गुदमरत होता.

"आणि माझं?" मित्रा म्हणाली. आवाज बारीक झाला होता तिचा.

भन्तेजींनी मागून तिचं चित्र घेतलं. तलवार, वाऱ्यावरचे केस, पानभर चेहरा, कोपऱ्यात ठसठशीत नाव. मान तिरकी करून बघितलं.

"छान आहे," ते म्हणाले. "मेहनत दिसते."

छान! मित्राला त्यापेक्षा थोबाडीत परवडली असती. घरी पाहुणे आल्यावर पोहे चांगले झाले नाहीत, तरी छानच म्हणतात.

ती चिडली. एस्टोनियावाल्यावर चिडली.

"त्याला बोटं काढता येत नाहीत, भन्तेजी. बघा, सहा आहेत!"

"सहा? हो की."

"आणि गुंड वाकडा आहे. आणि हापशीचा दांडा असा कुठं असते? घाईघाईत काढलंय त्यानं. फुटाणे खात काढलं असन!"

"असेल," भन्तेजी म्हणाले. "पण काढताना त्याला कुणाची भीती नव्हती. मी त्याला कधी भेटलो, तर खाली बसून विचारीन, बाबा, हे कसं जमलं?"

मित्रानं ओठ दाबले. जगातला एक माणूस असा होता, ज्याचा तिला मनापासून राग येत होता, आणि तो माणूस ती स्वतःच होती. हे दुखणं कुणाला दाखवणार?

सांगावं, तर खोटं बोलल्याचं उघडं पडणार. भन्तेजी कधी रागावत नाहीत, पण त्यांचं न रागावणं फार वाईट. न सांगावं, तर पुस्तक छापून येणार, देशभर जाणार, आणि आत लिहिलेलं असणार की मुखपृष्ठ कुण्या एस्टोनियावाल्याचं.

प्रज्योत खांबामागून खुणा करत होता. गप राह. जिंकली तू. मी कोंबडा बनतो.

जिंकली होतीच ती. भन्तेजींनी ओळखलं नव्हतं. मग हसू का येत नव्हतं?

"रविवारी पोरांना दाखवू हे," भन्तेजी एस्टोनिया बाकीच्या चौघांशेजारी नीट लावत म्हणाले. "सांगू त्यांना, की बघा, इतक्या लांबचा माणूस, आपली भाषा येत नाही, आपलं गाव माहीत नाही, आणि आपल्या गुंडाला कान लावून गेला. आपल्यापैकी कुणाला सुचलं नाही..."

"मला सुचलं!"

विहार दणाणला. प्रज्योतचं डोकं खांबावर आपटलं, त्याचाही आवाज आला.

"मी काढलंय ते," मित्रा म्हणाली. आता थांबणं शक्य नव्हतं. "एस्टोनिया-बिस्टोनिया काही नाही. पाहुणे पण नाही आले. आत गाईड आहे दहावीचं. पैज लागली होती, तुम्हाला फसवायची. मजाक होता, भन्तेजी. ते खोटं आहे. ते... ते मी काढलंय."

तिचे कान लाल झाले होते. नाक वाहायला लागलं होतं, ते तिनं ओढणीनं पुसलं.

भन्तेजी हसले नाहीत. रागावलेही नाहीत.

त्यांनी एस्टोनिया उचललं आणि तिच्या मांडीवर ठेवलं. मग तिचं दुसरं चित्र घेतलं, तलवारीचं, आणि चटईवरच्या अमेरिकेच्या पुस्तकाच्या बरोबर वर, दोन्ही हातांनी तिच्यासमोर धरलं. कोपऱ्यातलं नाव बरोबर तिच्या डोळ्यांपुढं आलं.



"मग हे कुणी काढलंय?" त्यांनी विचारलं.