रंगवलेली तक्रारपेटी

तपासणीला आलेल्या बाईंपुढं आमच्या कॉलेजचे प्राचार्य छाती फुगवून म्हणाले, “ही मुलींची तक्रारपेटी. पाच वर्षांत छेडछाडीची एक चिठ्ठी नाही.”

तेवढ्यात मुलींतून शेवंता गावित पुढं आली. प्रयोगशाळेत मास्तरानं अंगाला हात लावला, ते तिनं लिहून आणलं होतं. “सर, ही तुमच्या हातानं टाका.”

प्राचार्यांनी चिठ्ठी रेटली, नखानं फट उकरली. चिठ्ठी जाईना. दर तपासणीला पेटी रंगवायचा हुकूम त्यांचाच आणि रंग फासणारा शिपाई मी. फट केव्हाच बुजली होती.

“राहू द्या सर,” शेवंता म्हणाली. “पेटी घेत नाही, तर सगळ्यांसमोर मोठ्यानं वाचा.”

प्राचार्य चिठ्ठीची घडी घालू लागले. बाईंनी चिठ्ठी घेतली आणि प्राचार्यांचीच खुर्ची शेवंतापुढं ओढली. “बस पोरी, तूच सांग.”

मी रंगाचा डबा उकिरड्यावर फेकून आलो.