काळ्या मोटारीची नक्षी

वस्तूंना अजून बोलता येत होतं, त्या काळातली ही गोष्ट. रंभा नावाची एक नवीकोरी काळी मोटार होती. तिच्या अंगात लोकांना आपला चेहरा दिसायचा आणि त्याचा तिला भारी तोरा होता.

एकदा अंगावर धूळ बसली, तसं तिनं धुण्यापुसण्याचं सामान बोलावलं. बादली म्हणाली, "ताई, आधी पाण्यानं धूळ जाऊ द्या. मग मऊ फडक्यानं पुसू."

"पाणी तर म्हशीलाही घालतात," रंभा नाक मुरडून म्हणाली. "माझ्या तोलामोलाचं काही सांगा."

सोनेरी मुठीचा ब्रश पुढे सरसावला. "बाईसाहेब, मी परदेशातून आलोय. कोरडंच घासतो आणि आरसा करून देतो."

रंभा खूश झाली. ब्रशनं तिला टपापासून दारापर्यंत खसाखसा घासलं. धूळ निघाली, पण उन्हात येताच अंगभर कोळ्याच्या जाळ्यासारखे ओरखडे चमकू लागले. घाईघाईनं तिनं मेणाचे थर चढवून घेतले, तर ओरखडे आणखीच उठून दिसले.

शेजारच्या पांढऱ्या मोटारीनं विचारलं, "अगं, हे काय झालं अंगाला?"

रंभा तोरा सावरून म्हणाली, "नक्षी आहे. सगळ्यांना नाही मिळत."

दुसऱ्या दिवशी पांढरी मोटार ब्रशच्या दारात उभी होती.