निरोप न मिळालेली सीता

आंबेखोलच्या बाहुलीघरात भिंतीवरच्या कित्येक खुंट्या रिकाम्या आहेत. संग्रहालय म्हटले की वस्तू वाढत जाव्यात. येथे दर वर्षी एक बाहुली कमी होते. चोरी झाली का, असे पाहुणे विचारतात. चोरी कधीच झाली नाही. एका बापाची चूक मात्र झाली होती.

पूर्वी या चामड्याच्या बाहुल्या ठाकर समाजाच्या घरोघर असत. दिव्यापुढे पडदा लावून त्यांच्या सावल्यांनी रामकथा सांगणे हा त्या घरांचा कुळधर्म. बाहुलीचे चामडे तडकले की तिचा काळ भरला, असे मानीत. मग तिला हळदकुंकू लावून नदीत सोडायचे आणि घराने एक दिवस सुतक पाळायचे. जुनी गेल्याखेरीज त्या पात्राची नवी बाहुली कातरायची नाही, असा नेम होता.

भिवा ठाकर नावाचा एक कथेकरी होता. त्याच्या सीतेची नक्षी त्याच्या मुलीने, शेवंतीने, कोरली होती. ती देवीच्या साथीत गेली, तेव्हा बारा वर्षांची होती, असे सांगतात. पुढे सीतेचे चामडे तडकले. भिवाने ठिगळ लावले. पुन्हा तडकले, पुन्हा लावले.

"भिवा," गावचे जाणते बाबल म्हणाले, "तुझ्या सीतेच्या आंगार चामड्यापेक्षा ठिगळां जास्त. आता रावण पण हिका उचलूचो नाय."

लोक हसले. भिवा हसला नाही. मुलीच्या नक्षीवर बोट ठेवून तो म्हणाला, "ही भोकां माज्या चेडवान पाडलेली. ती खंयच्या न्हयत सोडू?"

त्याची बायको आवडी घरी त्याला म्हणाली, "अवो, चेडू माजा पण होता. तेका निरोप दिलो मा? मगे हिका कित्याक अडकवन ठेवतास?"

तरी त्याने बाहुली सोडली नाही.

रामनवमीला देवळात कथा लागली. कथेच्या शेवटी सीता धरणीला हाक मारते आणि तिच्या पोटात जाते. तेथे बाहुली पडद्याखाली उतरवायची असते. भिवाने हाक म्हटली, सीता उतरेना. तो तिला दिव्यासमोर तशीच धरून राहिला. पडद्यामागून आवडीचा आवाज आला, "सोडा ओ."

भिवाने सीतेला पडद्यापासून आपल्याकडे ओढले. सुकलेले चामडे ज्योतीला लागले, आकसले आणि पेटले. पडद्यावर साऱ्या गावाने ते पाहिले. अग्नीतून एकदा सुखरूप बाहेर आलेली सीता भिवाच्या मायेने जळाली. तिला हळदकुंकू मिळाले नाही. पाणी मिळाले नाही.

दुसऱ्या दिवशी भिवाने देवापुढे कबुली दिली, की देवाची वस्तू एकट्याच्या मायेवर सोपवू नये. माया वेळ ओळखत नाही. उरलेल्या बाहुल्या त्याने गावाच्या स्वाधीन केल्या. मागोमाग इतर घरांनी आपापल्या आणल्या. हे बाहुलीघर असे उभे राहिले. भिवाने मात्र नवी सीता कधी कातरली नाही. पहिलीला निरोपच मिळाला नव्हता.

आजही रामनवमीच्या दुसऱ्या दिवशी तडकलेली एक बाहुली नदीवर नेतात. ती कोणती, हे गाव ठरविते. सोडण्याचा मान तिच्यावर ज्याचा सर्वांत अधिक जीव, त्याचा. त्याचा हात कोणी धरायचा नाही. त्याला लवकर कर म्हणायचे नाही. मूठ त्याची त्यानेच उघडायची. एखाद्या वर्षी साऱ्या गावाला दुपारपर्यंत काठावर उभे राहावे लागते.