पट्ट्यातला काजवा

एका जंगलात ओढ्याकाठच्या ऐनाच्या झाडावर काजव्यांची मोठी वस्ती होती. मुलांनो, काजवे म्हणजे उगाच लुकलुकणारे उनाड किडे, असे तुम्हाला वाटत असेल तर तो समज आधी सोडा. दिवस मावळताना वानर रानाची बातमी आणी आणि काजवे ती झाडावर काढून दाखवत. ओढ्यावर वाघ असला की ऐनावर वाघाचे तोंड उमटे, नसला की हरणाचे. जनावरे लांबूनच झाड बघत आणि मगच पाण्याला जात. वाघाचे तोंड काढताना पट्ट्यांच्या जागी बसलेल्या काजव्यांनी विझून राहायचे, अशी रीत होती. आज पट्ट्यात बसलेला उद्या पिवळ्यात जाई. त्यामुळे प्रत्येकाला विसावा मिळे आणि वस्तीचा उजेड हंगामभर पुरे.

त्या वस्तीत एक तरणा काजवा होता. उजेड चांगला ठसठशीत, पण पट्ट्यातली पाळी आली की त्याचे तोंड वाकडे होई. त्यातच शेजारच्या सावरीवर मुक्कामाला येणारा मोर एकदा म्हणाला, "चित्र बरं आहे, पण फिकं. निम्मे काजवे नुसते बसून असतात. फुकटे कुठले!" मोराचे काय जात होते? स्वतःचा पिसारा फुलवायचा आणि दुसऱ्याला नावे ठेवायची, एवढेच त्याला येई. पण ते बोलणे काजव्याच्या जिव्हारी लागले.

तो म्हाताऱ्या काजव्याकडे गेला आणि म्हणाला, "आजोबा, मी का म्हणून विझायचं? मला कोणी बघतच नाही."

"अरे, तू विझतोस म्हणून तर वाघाला पट्टा येतो," म्हातारा म्हणाला. "आणि आज राखलेला उजेड उद्या कामी येतो."

"पट्टा कोण बघतो? लोक उजेड बघतात," असे म्हणून तो उडाला. पट्ट्यातल्या इतरांनाही त्याने फूस लावली. दुसऱ्या संध्याकाळपासून ऐनाचे झाड शेंड्यापासून बुंध्यापर्यंत पेटू लागले. ना वाघ, ना हरीण, नुसता पिवळा गोळा. मोराने मान डोलावली, ससे टकमक बघत राहिले. त्या दिवसांत वाघ लांब डोंगरापलीकडे होता, म्हणून कुणाचे काही बिघडले नाही. काजवे मात्र रोज थोडे थोडे मंदावत चालले होते, आणि हे कौतुकात कुणाच्या ध्यानात आले नाही.

मग एके दिवशी वानर धापा टाकत आला. वाघ ओढ्यावर, करवंदीच्या जाळीत बसला होता. म्हातारा ओरडला, "पट्टे धरा, पट्टे!" तरण्या काजव्याने ते ऐकले. पण समोर मोर बघत होता. मी एकटा नाही विझलो तर काय होतंय, असे त्याच्या मनात आले. पट्ट्यातल्या प्रत्येकाच्या मनात तेच आले.

एक हरिणी पाडसाला घेऊन झाडीच्या कडेला थांबली. तिने ऐनाकडे नीट निरखून पाहिले. "पट्टे दिसत नाहीत, बाळा. चल, पाणी पी," ती म्हणाली. काजव्याला जाळी हललेली दिसली. तो एकदम विझला आणि पुन्हा पेटून तिला इशारा द्यायला गेला, पण त्याच्या अंगात ठिणगीएवढाही उजेड उरला नव्हता. ओढ्यावरून पाडसाची एकच किंकाळी आली. त्यानंतर हरिणी बराच वेळ हाका मारत होती.

त्या रात्री मोर दुसऱ्या झाडावर गेला. काही दिवसांनी, काजवे पुरते विसावल्यावर, वाघ पुन्हा ओढ्यावर आल्याची बातमी आली. त्या दिवशी पाळी नसतानाही तरणा काजवा आपणहून पट्ट्यात जाऊन विझून बसला. सगळे आपापल्या जागी बसले होते. ऐनावर वाघाचे तोंड असे उमटले की पट्टा न् पट्टा मोजून घ्यावा. इतके चांगले चित्र त्या वस्तीने कधी काढले नव्हते.

तेवढ्यात ती हरिणी झाडीतून एकटीच बाहेर आली. काजवा श्वास रोखून बघत राहिला. तिने झाडाकडे मान वर करून पाहिलेदेखील नाही. ती खाली मान घालून सरळ पाण्याकडे उतरली.

तात्पर्य : विझून राहण्याची पाळी ज्याला पाळता येत नाही, त्याच्या उजेडावर पुढे कोणी भरवसा ठेवत नाही.